सेंबुंगान : जावाच्या डोक्यावरचं बटाट्याचं गाव

मुक्काम_समारांग

जावा म्हटलं की भातखाचरं, नारळ आणि घामाच्या धारा. सेंबुंगानात यातलं काहीच नाही. इंडोनेशियाच्या मध्य जावातल्या वोनोसोबो जिल्ह्यात, दिएंग पठाराच्या कडेला, सुमारे २३०० मीटरवर हे गाव आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसहाशे मीटर वर. ‘जावा बेटावरचं सर्वांत उंच गाव’ असं वेशीवरच लिहून ठेवलंय. विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर असूनही लोक अंगावर सारोंग (लुंगीसारखं कापड) लपेटून, लोकरी टोपी घालून आणि गमबूट चढवून फिरतात. भात पिकत नाही, तांदूळ खालून विकत येतो. पिकतो तो बटाटा. थोडा कोबी, कांद्याची पात, गाजर, बांधावर पपईच्या जातीचं कारिका नावाचं झाड. बाकी सगळा बटाटा.

नोकरीनिमित्त मी समारांगला असतो. तिथून चारेक तासांची वाट. वोनोसोबो शहर सोडलं की चहाचे मळे लागतात, मग तंबाखू, मग रस्ता अंगावर येतो आणि दोन्ही बाजूंना काळं प्लास्टिक अंथरलेले वाफे दिसू लागतात. इथल्या डोंगराचा उभा कडासुद्धा कोणी मोकळा सोडलेला नाही. ज्या उतारावर आपण दोर लावल्याशिवाय चढणार नाही तिथे माणसं पाठीवर पोती घेऊन उतरतात. रस्त्यापर्यंत माल आला की पुढचं काम मोटारसायकलींचं. या गाड्यांना पत्रा, दिवे, मडगार्ड काही उरलेलं नसतं. इंजिन, चाकं आणि मागे पोती.

गाव छोटं. चेबोंग नावाच्या तळ्याकाठी पत्र्याची छपरं एकमेकांना खेटून उभी. रस्त्यावरून, घरांच्या वळचणीतून, कधी डोक्यावरून पाण्याचे पाइप गेलेत. कोरड्या हंगामात डिझेल पंपांनी तळ्याचं पाणी वर शेतात चढवतात, प्रत्येकाचा पाइप वेगळा. कुठला कोणाचा हे मालकालाच ठाऊक. हवेत कोंबडखताचा वास कायम. सिकुनीरच्या टेकडीवर सूर्योदय पाहायला येणारे पर्यटक नाक दाबून फोटो काढतात. गावकऱ्यांना विचारलं तर म्हणतात, वास येतोय म्हणजे लावण चालू आहे, ठीक आहे.

घरात बैठकीच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर महत्त्वाचं. चुलीभोवती बुटकी बाकं, तिथेच पाहुणे, तिथेच शेजारी, तिथेच दराची चर्चा. आमचे यजमान साठीचे आहेत. त्यांच्या लहानपणी इथे मका, तंबाखू आणि कोबी होता. बटाट्याचा जोर १९८० च्या दशकात वाढला आणि दोन-चार चांगल्या हंगामांत लाकडी घरं जाऊन सिमेंटची आली. बटाट्याच्या पैशावर हजला जाऊन आलेली माणसं इथे आहेत. त्याच पैशाने डोंगराचं काय झालं तेही चुलीपाशी बसून तीच माणसं सांगतात. त्यावर खाली बोलूच.

---

पेठचा_बटाटेवाला

राव, आमच्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. आम्ही सातगाव पठारचे, आंबेगाव तालुका. जूनला पावसावर लावायचा, दसऱ्याच्या मागंपुढं काढायचा. वर्षात एकच बटाटा. तुमच्या त्या गावात किती येतात? वाण कुठला? बेणं (लावायचा बटाटा) घरचं का विकतचं? करप्याला, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीला, काय करतात? आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत सऱ्या उताराला आडव्या दिसत नाहीत, उभ्या दिसतात. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय का खरंच तसं आहे?

---

मुक्काम_समारांग

चष्मा ठीक आहे, सऱ्या उभ्याच आहेत.

वाण ग्रॅनोला, मूळचा जर्मन. साधारण शंभर दिवसांत तयार. त्यामुळे वर्षात दोन पिकं सहज, काहीजण तिसरंही ओढतात. मध्ये विश्रांती नाही, फेरपालट नावापुरता. बेणं बहुतेकांचं घरचंच, काढणीतून बाजूला ठेवलेलं. प्रमाणित बेणं मिळतं पण महाग पडतं.

तुमचा पावसाळा तो त्यांचा कोरडा हंगाम. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस आणि धुकं, आणि त्यात करपा. पावसाळ्यात फवारणीला खंड नाही. शेताच्या कडेला औषध कालवायची पिंपं कायमची रोवलेली असतात. कोरड्या हंगामात करप्याची भीती कमी, पण जुलै-ऑगस्टला दुसरं संकट येतं ते हिमाचं. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की पहाटे पारा शून्याखाली जातो. शेतकरी त्याला ‘बुन उपास’ म्हणतात, विषारी दव. मी पाहिलं ते असं. सकाळी सहाला पानांवर साखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर, बोट लावलं तर कुरकुर वाजतो. पर्यटक गुडघे टेकून फोटो काढत होते. ऊन आलं, थर वितळला, पानं तेवढ्यापुरती हिरवीगार दिसली. दुपारपर्यंत तीच पानं तपकिरी होऊन लोळली. शेजारच्या वावरात एक बाई ऊन यायच्या आत पाइपने पाणी मारून थर धूत होत्या, त्यांचं पीक पुष्कळसं तगलं. काहीजण वरून जाळी टाकतात. ज्याच्याकडे पाणीही नाही आणि जाळीही नाही त्याने पाहत बसायचं.

विक्री : व्यापारी शेतावर येतो, माल जकार्ताच्या क्रामात जातीच्या बाजारात जातो. दर तिथे ठरतो आणि फोनवर इथे कळतो.

---

तिरकस

म्हणजे जगातला शेतकरी कुठेही असो, दर दुसरीकडेच ठरतो. फोन तरी त्यांना वेळेवर येतो का?

---

दगडधोंडे

भूगर्भाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. दिएंग हा एकच एक शंकूसारखा ज्वालामुखी नाही. तो जुन्या मुखांचा, तळ्यांचा आणि आजही वाफा सोडणाऱ्या विवरांचा समूह आहे. त्या राखेतून तयार झालेली काळी, भुसभुशीत माती बटाट्याला फार मानवते. हवा खेळती, पाणी भरपूर धरते. पण वरचं झाडझाडोऱ्याचं पांघरूण काढलं की तीच हलकी माती पावसाबरोबर चालू लागते. ती जाते सरायू नदीत. सरायूचा उगम याच पठारावर आहे, आणि खाली बंजारनगारात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं म्रिचाचं धरण आहे, १८० मेगावॉट विजेचं. ते निम्म्याहून जास्त गाळाने भरलंय. वरच्या बटाट्याचा हिशेब करायचा तर हा गाळही त्यात धरायला हवा.

दुसरी गोष्ट वायूची. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे भूकंपाचे धक्के बसले आणि सिनिला विवरातून स्फोट झाला. कपुचुकान गावचे लोक जीव वाचवायला बातूर गावाच्या दिशेने पळाले. वाटेत तिंबांग विवराच्या बाजूने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रस्त्यावर पसरला होता. त्याला ना रंग ना वास, आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे सखलात साठतो. सुमारे दीडशे माणसं वाटेतच गुदमरून गेली. घरात थांबले असते तर काही वाचले असते ही त्यातली सगळ्यात कठीण गोष्ट. ते गाव पुढे नकाशावरून काढलं. तिंबांगभोवती आजही बटाटा लागतो. वायूचं प्रमाण वाढलं की शेतात जायला बंदी येते, २०११ आणि २०१३ साली तशी आली होती.

सेंबुंगान या जागेपासून बाजूला आहे, घाबरवायचा हेतू नाही. पण पठार तेच.

---

पेठचा_बटाटेवाला

दगडधोंडे साहेब, गाळाचं पटलं. पण उभ्या सरीवरून शेतकऱ्याला येडा ठरवू नका कोणी. बटाट्याला पाणी पाहिजे पण तुंबलेलं चालत नाही. पोचट जमीन, धो धो पाऊस आणि आडवी सरी, मग पाणी सरीत बसतं, बेणं सडतं. आणि एक वरंबा वर फुटला की खालचे सगळे घेऊन जातो. उभ्या सरीत पाणी निघून जातं, आठवड्यात दोनदा फवारायचं तर पंप घेऊन वरखाली जाता येतं. माती जाते हे त्याला दिसतंय की. पण माती यंदा जेवढी जाईल त्यापेक्षा पीक सडलं तर कर्ज जास्त होईल, हा हिशेब तो करतो. आम्हीपण करतो.

---

मुक्काम_समारांग

पेठदादा, आमच्या यजमानांनी जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. कृषी खात्याची माणसं येऊन समपातळी सऱ्यांचं प्रात्यक्षिक करून गेली, शेतकऱ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या लावणीला पुन्हा उभ्या काढल्या. थोडी तिरकी सरी काढायची, मध्ये चर घ्यायचा, असं काहीजण करतात. पण ज्याची जमीन अर्ध्या हेक्टरच्या आत आहे त्याला चरासाठी दोन ओळी सोडणंही जिवावर येतं. बहुतेकांची जमीन तेवढीच आहे.

---

लेणीवेडी

दिएंगचा धागा आणि देवळांवर एक शब्द नाही? निषेध!

जावातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी हिंदू मंदिरं याच पठारावर आहेत, सातव्या-आठव्या शतकापासूनची. आज आठच्या आसपास उभी आहेत. अर्जुन, श्रीकांडी (आपला शिखंडी, तिथे अर्जुनाची बायको), पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा, घटोत्कच, भीम. ही नावं मूळची नाहीत. छायानाट्यातल्या पात्रांची नावं लोकांनी नंतर देऊन टाकली. मुळात ही शैव मंदिरं. श्रीकांडीच्या भिंतींवर मात्र ब्रह्मा, विष्णू, शिव तिघेही कोरलेत. माझं आवडतं भीमाचं, जरा बाजूला एकटं उभं आहे. त्याचं शिखर बाकीच्यांसारखं नाही, उत्तर भारतीय वळणाचं आहे आणि गवाक्षांतून दगडी चेहरे बाहेर डोकावतात. एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक पोचले तेव्हा ही मंदिरं पाण्यात उभी होती, चर खणून पाणी काढावं लागलं.

मला एक सांगा, अर्जुन मंदिराच्या कुंपणाला लागून खरंच बटाटा लावतात का? एका फोटोत तसं दिसलं.

---

मुक्काम_समारांग

हो, पुरातत्त्वाची हद्द संपली की बटाटा. घटोत्कचाच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर मल्चिंगचं प्लास्टिक चमकतं. मंदिरांकडे गावकऱ्यांचा भाव मात्र परकेपणाचा नाही. सगळे मुसलमान आहेत, पाच वेळा नमाज आहे, आणि मुलांच्या जटा कापायचा मोठा सोहळा अर्जुन मंदिराच्या आवारातच होतो.

---

कात्रीवाली

थांबा थांबा, मुलांच्या जटा? मी काही वर्षं अंनिसच्या जट निर्मूलनाच्या कामात आहे. आमच्याकडे जट आली की देवीची मानतात. बाई वर्षानुवर्षं मानेवर ओझं घेऊन जगते, कापायला घरचे घाबरतात. आम्ही चार-चार वेळा घरी जाऊन समजावतो तेव्हा कुठे कात्री लागते. तिथे काय करतात, सविस्तर सांगाल का?

---

मुक्काम_समारांग

दिएंग परिसरात काही मुलांच्या केसांच्या आपोआप जटा होतात. साधारण तान्हेपण संपल्यानंतर, बऱ्याचदा जोरदार तापानंतर. त्यांना ‘आनाक गिंबाल’ म्हणतात. वोनोसोबोचा मूळपुरुष मानला जाणारा कियाई कोलोदेते जटाधारी होता, त्याचा अंश मुलात उतरला अशी समजूत. अशा मुलाला रागवायचं नाही, मारायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. जट कापायचीच असते, पण मूल स्वतः म्हणेल तेव्हा. आणि म्हणताना ते एक मागणी करतं. ती पुरवली तरच कापायची, नाहीतर जट पुन्हा येते आणि मूल आजारी पडतं असा समज. सायकल मागतात, बकरी मागतात, आइस्क्रीम मागतात. आमच्या यजमानांच्या पुतणीच्या मुलीने एक बकरी मागितली होती, पांढरी, शिंगं नसलेली. आईबापांनी वेगवेगळ्या दिवशी फिरवून फिरवून विचारलं, कारण पोराची लहर आहे का खरी मागणी हे पारखावं लागतं. दरवेळी तेच उत्तर. शिंगं नसलेली पांढरी बकरी शोधता शोधता बापाचा घाम निघाला, आणि तोवर बाई जटा मिरवत हिंडत होत्या.

गावातले वडीलधारे दुआ म्हणतात, जट कापतात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळतात आणि तळ्यात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. घरच्या घरी छोटं जेवण घालूनही करतात. २०१० पासून ऑगस्टच्या सुमारास दिएंग संस्कृती महोत्सव भरतो, त्यात अनेक मुलांचं एकत्र करतात. त्यात हल्ली जाझचा कार्यक्रमही असतो, कंदीलही सोडतात. गर्दी इतकी की राहायला जागा मिळत नाही.

---

कात्रीवाली

वाचून बराच वेळ विचार करत होते. श्रद्धेचा भाग तसाच आहे, कापलं तर कोप होईल हे भयही तसंच. पण तिथे कापायची वाट रूढीनेच ठेवली आहे आणि ठरवणार ते मूल. आमच्याकडे जिच्या डोक्यावर ओझं तिलाच कोणी विचारत नाही. एक शंका आहे. ताप आलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेतात ना? का कोलोदेते आले म्हणून घरीच ठेवतात?

---

मुक्काम_समारांग

मी पाहिलेल्या घरात तरी आधी सरकारी दवाखाना, मग कोलोदेते. दोन्हींचं भांडण त्यांना वाटत नाही. सगळीकडे तसंच असेल असं मी म्हणणार नाही.

---

सुलूआत्या

अरे बाळा, जायचं मनात आहे पण आम्ही दोघं शाकाहारी. तिथे खायचं काय? उकडलेले बटाटेच का?

---

मुक्काम_समारांग

आत्या, उपाशी राहणार नाही. ‘तेंपे कमुल’ म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वडीला पात घातलेल्या पिठाचं आवरण देऊन तळतात, मोठं आणि कुरकुरीत. थंडीत दोन-चार सहज जातात. तळलेला बटाटा आहेच. वोनोसोबोचे प्रसिद्ध ओंगक्लोक नूडल्स मात्र जपून. बांबूच्या टोपलीत कोबी आणि पातीबरोबर उकळतात, वरून दाट रस्सा. त्या रश्श्यात सुकी कोळंबी असते, सोबत सळईला लावून भाजलेले मांसाचे तुकडे येतात ते गाईच्या मांसाचे. ‘मांस नको’ एवढं सांगून कोळंबी टळत नाही, तिचं वेगळं सांगावं लागतं.

कारिका नक्की खा. पपईची डोंगरी बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतली. नुसती खाल्ली तर कडक आणि आंबट. बायका घरोघरी सोलून साखरेच्या पाकात घालून कपांत भरतात, बियांभोवतीच्या गराचा वास त्या पाकाला लागतो. ‘पुर्वाचेंग’ नावाची मुळी पुरुषांसाठी शक्तिवर्धक म्हणून कॉफीत घालून विकतात. काकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

---

तिरकस

काकांनी वाचलं. तिकिटाची चौकशी चालू आहे.

---

पेठचा_बटाटेवाला

मूळ मुद्दा राहिला. एवढं राबून परवडतं का? आणि जंगल कोणी तोडलं?

---

मुक्काम_समारांग

परवडतं म्हणजे तुमच्यासारखंच, एका हंगामात उडी आणि दोन हंगामांत खड्डा. खत, औषध, प्लास्टिक, डिझेल सगळं रोखीने किंवा उधारीने. २०११ मध्ये चीन आणि बांगलादेशातून स्वस्त बटाटा आला आणि दर कोसळला, तेव्हा दिएंगचे शेतकरी जकार्ताला जाऊन निदर्शनं करून आले. त्या वेळचं चुलीपाशी अजून निघतं.

जंगलाचं असं की १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता गेली, वचक गेला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राखीव जंगल भराभर उतरलं. तोडणारे बाहेरचेही होते आणि गावचेही. आमचे यजमान नावं घेत नाहीत, फक्त ‘आम्ही सगळे’ म्हणतात. नंतर सरकारने आणि गावांनी झाडं लावली. सिकुनीरच्या वाटेवर ती दिसतात, कारण तिथे पर्यटक चालतात. पलीकडच्या उतारावर कमी दिसतात.

पर्यटनाने थोडा आधार दिला हे खरं. सुट्टीच्या पहाटे सिकुनीरवर सिंदोरो, सुंबिंग, मरापी, मर्बाबू हे ज्वालामुखी एका रांगेत दिसतात आणि पायवाटेवर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. पार्किंग, टपऱ्या, राहायच्या खोल्या यातून पैसा येतो. पण तो ज्यांचं घर रस्त्यावर आहे त्यांना. वरच्या आळीला बटाटाच.

कॉफी लावा, असं हल्ली सांगतात. मुळं माती धरतात, दरही बरा. कॉफीला पहिलं पीक यायला तीनेक वर्षं आणि बटाट्याला शंभर दिवस. यजमानांनी वरच्या कोपऱ्यात थोडी लावली आहे, बटाट्याच्या दोन वाफ्यांची जागा देऊन. बायको अजून बोलते त्यावरून.

---

पेठचा_बटाटेवाला

काकूंचं बरोबर आहे आणि काकांचंही. बरं, येताना त्या ग्रॅनोलाचे पाच-सहा डोळेदार बटाटे खिशात टाकून आणा की. आपल्या मातीत बघू कसा येतो.

---

कीडरोग

अजिबात नको! दिएंगच्या जमिनीत बटाट्याचा सिस्ट सूत्रकृमी (मुळांवर जगणारा अतिसूक्ष्म कृमी) आहे, सोनेरी जातीचा. आपल्याकडे तो निलगिरीत १९६१ पासून आहे आणि तिथून बेणं बाहेर न्यायला निर्बंध आहेत, ते उगीच नाहीत. एकदा जमिनीत बसला की गाठींच्या रूपात वर्षानुवर्षं जिवंत राहतो, औषधाने पुरता जात नाही. लागोपाठ बटाटा घेतला की वाढतो. तुमच्या सातगाव पठारावर तो आला तर पिढ्यांचं नुकसान. बेणं राहू द्या, बुटाला लागलेली मातीसुद्धा तिथेच धुऊन या.

---

पेठचा_बटाटेवाला

बरं बाबा, नको. फोटोच पाठवा मग. त्या तिरक्या सरीचे आणि चराचे पाठवा, जरा जवळून, उतार किती आहे ते कळलं पाहिजे. सूर्योदयाचे नकोत.